पथदिव्यांवर स्मार्ट सिटी उभारा, हरकत नाही. पण दिवसा खांबात करंट असतो का?

तारेवरचा (धागाकर्ता), रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत पथदिव्यांचं काम बघतो. पदाचं नाव लांबलचक आहे. प्रत्यक्षात शिडी, पक्कड, टेस्टर आणि वॉर्डातल्या लोकांच्या शिव्या, एवढंच काम.

गेल्या आठवड्यात एका सादरीकरणाला बसावं लागलं. पडद्यावर एक चकचकीत खांब आणि त्याला चारी बाजूंनी बाण: कॅमेरा, वायफाय, हवेची गुणवत्ता, पार्किंग, ५जीचा डबा, गाडीचं चार्जिंग, मदतीचं बटण वगैरे. बाण मोजले, नऊ भरले. बोलणाऱ्या साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं, की शहरात दर पंचवीस-तीस मीटरवर खांब उभा आहे, त्यात वीज आहे, तो उंच आहे आणि जागा आपलीच आहे. दिवे एकमेकांना जोडले की शहराचं जाळं आयतं तयार, मग त्यावर काय हवं ते टांगा.

ऐकायला पटतं. मी एकच प्रश्न विचारला, "साहेब, दिवसा?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

तुम्हालाही कळला नसेल तर सांगतो. आपल्याकडे लघुदाबाच्या लाइनवर तीन फेज, एक न्यूट्रल आणि पाचवी तार फक्त रस्त्याच्या दिव्यांची. आता एबी केबल (वेटोळं केलेल्या, वेष्टण असलेल्या तारा) आली, तरी तिच्यातही दिव्यांसाठी वेगळी बारीक तार असतेच. ही पाचवी तार डीपीजवळच्या पेटीतून संध्याकाळी चालू होते आणि सकाळी बंद. म्हणजे दिवसभर ती मेलेली. प्रत्येक दिव्याला आपापला स्विच नसतो, सगळ्या गल्लीचा मिळून एक. पूर्वी आमच्याकडे मारुतीच्या देवळातला पुजारी आरतीला आला की स्विच टाकायचा आणि काकड्याला बंद करायचा. तो गावाला गेला की गल्ली दोन दिवस दिवसा उजळायची, नाहीतर रात्री अंधारात.

तर त्या खांबावर हवेची गुणवत्ता मोजायचं यंत्र लावलं, तर ते फक्त रात्रीची हवा मोजणार. कॅमेरा फक्त रात्री बघणार. चोरांनी दिवसा यावं अशी जाहीर सोय. 😀

धागा यासाठी काढला, की आपल्याकडे लहान गावांत हे जोडलेले दिवे खरंच कामाचे आहेत का, कुठवर आहेत आणि कुठून पुढे नुसती चमक आहे, यावर जाणकारांनी लिहावं. मी विरोधक नाही. खांबावर चढून कंटाळलोय, म्हणून विचारतोय.

---

पाटलांचा_धाकटा, रविवार, रात्री ९:५८

वाचतोय. काकड्याचा पुजारी फर्मास.

---

हिंजवडीचा_उदगीरकर, रविवार, रात्री १०:३१

दादा, प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर नाही असं नाही. मी याच क्षेत्रात काम करतो (पथदिवे नाहीत, पाण्याचे मीटर; जाळं मात्र तेच).

दोन प्रकार आधी वेगळे करू, कारण सादरीकरणात ते मुद्दाम कालवतात. एक, पेटीवरचं नियंत्रण, ज्याला तुम्ही लोक सीसीएमएस म्हणता. डीपीजवळच्या पेटीत मीटर, काँटॅक्टर (सगळे दिवे एकदम चालू-बंद करणारा स्विच) आणि सिमकार्डाचा मोडेम. चाळीस-पन्नास दिवे एकदम चालू-बंद, किती युनिट जळाली ते कळतं, सूर्यास्ताची वेळ तारखेप्रमाणे आपोआप धरली जाते. लातुरात जूनमध्ये दिवस सातच्या आसपास मावळतो आणि नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमारास. साध्या टायमरला हा सव्वा तासाचा फरक कळत नाही. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राची पथदिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिच्यातून ईईएसएल या सरकारी कंपनीने देशभर सव्वा कोटीहून जास्त एलईडी दिवे बसवले, त्यात नियंत्रण आहे ते मुख्यतः या पेटीच्या पातळीवरचं.

दुसरा प्रकार, प्रत्येक दिव्याच्या डोक्यावर आपला नियंत्रक. तो एकेक दिवा मंद करतो, कुठला गेला ते सांगतो. "शहराचा पाया" वगैरे बोललं जातं ते याच्यावर. यासाठी पाचवी तार चोवीस तास जिवंत ठेवावी लागते आणि चालू-बंद दिव्यापाशीच होतं. पेटीतला काँटॅक्टर काढून सरळ जोडलं की झालं. तुमच्या "दिवसा?"चं उत्तर हे.

---

तारेवरचा, रविवार, रात्री १०:५२

"सरळ जोडलं की झालं" हे वाक्य फ्रेम करून लावतो. 🙏

पाचवी तार दिवसा जिवंत ठेवली की पहिल्याच दिवशी तिच्यावर आकडा पडतो. आत्ताही पडतो, पण रात्रीच. गणपतीत मंडपाची माळ, लग्नसराईत दारातली रोषणाई, एरवी कुणाची पाण्याची मोटार. दिवसाही करंट आहे म्हटल्यावर पिठाची गिरणी चालेल त्याच्यावर.

आणि पेटीवरच्या मीटरचं म्हणाल, तर त्याची खरी गंमत ही. चाळीस दिवे सत्तर वॅटचे, एकूण २,८०० वॅट. दोन दिवे गेले तर १४० वॅट कमी दिसायला पाहिजेत. पण त्याच तारेवर कुणी माळ टाकली की हिशोब पुन्हा भरतो. कार्यालयातल्या पडद्यावर सगळं हिरवं, आणि गल्लीत म्हातारी माणसं बॅटरी घेऊन चाललेली. कुठला खांब बंद आहे हे पेटीला कधीच कळत नाही, तिला फक्त बेरीज कळते.

मागच्या मे महिन्यातलं सांगतो. वळवाच्या वाऱ्यात एका गल्लीचं न्यूट्रल तुटलं. न्यूट्रल गेलं की दोन फेजच्या मध्ये अडकलेल्या दिव्यांवर २३०च्या जागी चारशेच्या घरात व्होल्टेज जातं. एकोणीस दिव्यांचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे डबे) दोन मिनिटांत खलास. जळका वास खालपर्यंत येत होता. पेटीत जादा व्होल्टेजला तोडणारं यंत्र होतं. ते आधीच्या महिन्यात कुणीतरी "सारखं ट्रिप होतंय" म्हणून तारेने बायपास केलेलं. मोडेमने निरोप द्यायला हवा होता, पण सिमचं रिचार्ज संपून तीन महिने झाले होते. गुत्तेदार म्हणाला, रिचार्ज निविदेत नाही. निविदा काढून बघितली. खरंच नव्हतं.

तेव्हा स्मार्टपणाचा पाया वगैरे नंतर. आमचा पाया वर्षाच्या रिचार्जवर अडकलाय.

---

आकडेमोड_जालना, सोमवार, सकाळी ७:१५

सळईच्या धंद्यात आहे, विजेचं बिल हा माझा रोजचा अभ्यास. कुणी हिशोब मांडलेला दिसत नाही, म्हणून मांडतो.

दिवा रात्री सरासरी अकरा तास जळतो. वर्षाला साधारण ४,००० तास. जुना १५० वॅटचा सोडियम चोकसकट १७० धरा, ६८० युनिट. त्या जागी ७० वॅटची एलईडी, २८० युनिट. वाचले ४००. हे नुसता दिवा बदलून, जाळं-बिळं काही न जोडता.

आता प्रत्येक दिव्यावर नियंत्रक लावून रात्री बारा ते पाच निम्म्यावर आणला तर? ३५ वॅट गुणिले पाच तास गुणिले ३६५, म्हणजे ६४ युनिट. सात रुपये दर धरला तर वर्षाला साडेचारशे रुपये. नियंत्रक, जाळं, सॉफ्टवेअर मिळून दिव्यामागे तीन हजार धरले (मी धरलेत, कोटेशन नाही), तर पैसे फिटायला सात वर्षं. तेवढी वर्षं तो नियंत्रक आपल्या उन्हात टिकतो का, हे तारेवरच्यांनी सांगावं.

मुद्दा असा, की विजेची मोठी बचत एलईडीने करून टाकली आहे. जाळ्याच्या वाट्याला ताटातलं उरलेलं आलंय. ज्यांनी एलईडी आधीच लावल्या, त्यांना आता "जाळं जोडा, वीज वाचेल" असं कुणी सांगत असेल, तर त्यांनी कॅल्क्युलेटर उघडावा.

---

हिंजवडीचा_उदगीरकर, सोमवार, सकाळी ९:०५

शेठ, हिशोब चोख. पण तुम्ही फक्त वीज धरली. बंद दिवा शोधायला रात्री गाडी फिरवायची, तक्रार आली की शिडी न्यायची, चुकीच्या खांबावर चढायचं, हा खर्च बिलात दिसत नाही. बाहेरच्या शहरांत या जाळ्याचं समर्थन विजेपेक्षा जास्त देखभालीवरच होतं.

आणि एक धोरणी गोष्ट. दिव्याच्या डोक्यावर सात पिनांचं सॉकेट मागून घ्यायचं. तीन पिना विजेच्या, चार मंद करायला आणि सेन्सरला. आत्ता नियंत्रक घ्यायचा नसेल तर वर साधी टोपी लावायची, ती आतून जोडलेली असते, दिवा नेहमीसारखा चालतो. उद्या पैसे आले की टोपी काढून नियंत्रक फिरवून बसवायचा. दिवा बदलायला नको. युरोपात चार पिनांचं छोटं, कमी व्होल्टेजचं झागा सॉकेट चालतं, तेही चालेल. पण काहीतरी एक मागा. बिनसॉकेटचा दिवा घेतला की पुढची दहा वर्षं दार बंद.

दुसरं, सॉफ्टवेअर. दिवे एकाचे, नियंत्रक त्याचेच, पडदा त्याचाच, असं झालं की करार संपताना तुमची शेंडी त्याच्या हातात. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रणा एका सॉफ्टवेअरशी बोलावी म्हणून टाल्क नावाचा खुला प्रोटोकॉल आहे. निविदेत तो एका ओळीत लिहिता येतो. ही ओळ लिहायला पैसे पडत नाहीत.

---

तारेवरचा, सोमवार, सकाळी ९:२०

सॉकेटचं लिहून घेतलं. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, नऊ बाणवाल्या साहेबांनीही नाही.

उन्हाचं विचारलंत: ऊन सोसतो हो, विजांचं काय? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कडकडाट झाला की दुसऱ्या दिवशी माझा फोन बंद ठेवावासा वाटतो. दिव्यात दहा केव्हीचं सर्ज संरक्षण (विजेच्या अचानक झटक्यापासूनचं) कागदावर असतं. पण खालचं अर्थिंग म्हणजे खांबाला गुंडाळलेली आणि जमिनीत चार इंच खुपसलेली तार असेल, तर ते संरक्षण जाणार कुठे? पावसाळ्यात खांबाला टेकलेली म्हैस मेली की सगळ्यांना अर्थिंग आठवतं.

---

सोयाबीनवाला_औसा, सोमवार, दुपारी १:४०

तुमचं पिना-टोप्यांचं आम्हाला कळत नाही, पण एक सांगायचंय. रस्त्याच्या दिव्यानं माझं सोयाबीन खाल्लं.

हसू नका. आमचं वावर गावाला लागून आहे. दोन वर्षांखाली पंचायतीनं चौकात हायमास्ट उभा केला. तवापासून त्याच्या उजेडातलं तीन-चार गुंठ्यांतलं सोयाबीन उंच वाढतंय, पानं हिरवीगार, आन् शेंगा उशिरा. बाकीचं रान दसऱ्याच्या आधी वाळून खडखडीत, मळणीयंत्र दारात, आन् हे टिकोरं अजून श्रावणातच. मजूर काय दोनदा येतंय का? पहिल्या वर्षी वाटलं बियाणं भेसळीचं. दुकानदाराशी भांडून आलो. मग रात्री बांधावर उभा राहिलो, सावली बघितली. जिथवर माझी सावली ठळक पडते, बरोबर तिथवर हिरवं. पार रेघ मारल्यासारखं.

कृषी सहायकाला विचारलं तर म्हणाला, सोयाबीनला लांब रात्र लागते, अंधार मिळाला तरच फुलावर येतंय. तुमचा दिवा त्याला रात्र होऊच देईना.

मंद करता येतो म्हणता तर माझ्या बाजूचा करा की. न्हाईतर वावराकडच्या अंगाला पत्रा लावा. पत्र्याला सिम लागत न्हाई.

---

अंबाजोगाईचा_तारामंडळी, सोमवार, दुपारी २:१०

शेवटच्या वाक्याला दंडवत. "पत्र्याला सिम लागत न्हाई."

आम्ही आकाश बघणारे लोक हेच ओरडतोय. सोयाबीन लघुदिवसी पीक आहे, तुरीच्या बहुतेक जातीही तशाच. रात्रभराच्या उजेडाने सोयाबीन उशिरा पक्व होतं, हे परदेशात शेतांत मोजून झालंय. पांढराफेक थंड उजेड लावायच्या ऐवजी तीन हजार केल्विनचा पिवळसर दिवा आणि वर-मागे आडोसा, एवढ्याने निम्मं भांडण मिटतं.

---

नांदेडची_वकील, सोमवार, सायं. ६:३०

मंडळी, दिव्यावर काय टांगायचं यावर कुणी बोललं नाही, म्हणून ही गोष्ट.

अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहराने २०१६ मध्ये जोडलेल्या दिव्यांचा प्रकल्प मंजूर केला. सांगितलं काय, तर वीज वाचेल, वाहतूक आणि हवा मोजता येईल. तीन हजारांहून जास्त खांबांवर सेन्सर बसले आणि त्यांत कॅमेरेही होते. २०१८ पासून पोलीस गुन्ह्यांच्या तपासासाठी ते चित्रण घ्यायला लागले. नागरिकांना हे पुढे कळलं तेव्हा गदारोळ झाला. २०२० मध्ये महापौरांना ते बंद करायला सांगावं लागलं. २०२३ मध्ये पोलिसांसाठी, पोलिसांसाठीच म्हणून सांगून, नव्याने मंजुरी घ्यावी लागली.

कॅमेरा वाईट की चांगला हा माझा मुद्दा नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गर्दीच्या दिवसांत कॅमेरे हवेतच. पण दिव्याच्या ठरावात कॅमेरा गुपचूप येता कामा नये. सर्वसाधारण सभेत नगरसेवक "पथदिवे दुरुस्ती व आधुनिकीकरण" वाचतात आणि हात वर करतात. चित्रण किती दिवस ठेवणार, कोण बघणार, हे त्याच ठरावात हवं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदा आता आहे, उद्या कुणी विचारलं तर कागद काय दाखवणार?

तांत्रिक बाजू उदगीरकरांनी सांगावी: एकाच जाळ्यावर दिवे आणि कॅमेरे दोन्ही चालतात का?

---

हिंजवडीचा_उदगीरकर, सोमवार, रात्री ८:१५

चालत नाहीत, आणि सादरीकरणातली सगळ्यात मोठी थाप तीच. दिव्याचा निरोप म्हणजे काही अक्षरं: चालू आहे, इतके वॅट, इतकं व्होल्टेज. त्याला लोरासारखं हळू, लांब पल्ल्याचं रेडिओ जाळं पुरतं. आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय चालतं, एका उंच गच्चीवरचा गेटवे (निरोप गोळा करणारा डबा) लहान गावाचा बराचसा भाग घेतो. कॅमेऱ्याला मात्र फायबर, नाहीतर ४जी-५जीसारखं जाड जाळं लागतं. लोरावरून चित्रण पाठवणं म्हणजे पोस्टकार्डावर लग्नाची कॅसेट पाठवणं. म्हणजे "दिव्यांचं जाळं झालं की बाकी सगळं फुकट" हे खरं नाही. दिव्यांच्या जाळ्यावर पाण्याचे मीटर, टाकीची पातळी, कचराकुंडी भरली की नाही, एवढं मजेत चालतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या शहरात टाकी कधी भरली, कुठे वाहून गेली हे कळणं पार्किंगपेक्षा मोलाचं आहे. मला विचाराल तर पहिला बाण तोच.

आणि ५जीचा डबा टांगायचा तर खांब कोणाचा हे आधी. तार महावितरणची, दिवा नगरपरिषदेचा, खांब बहुधा महावितरणचा. दूरसंचार कायदा २०२३ खालचे मार्गाधिकाराचे (दूरसंचाराच्या तारा-डबे टाकायच्या परवानगीचे) नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, रस्त्यावरच्या खांबांचा त्यात विचार आहे. भाडं कुणाला मिळणार यावर मात्र दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार आपल्या हयातीत संपेल असं वाटत नाही.

---

पाटलांचा_धाकटा, सोमवार, रात्री ८:४०

अवांतर: मराठवाड्यातून स्मार्ट सिटीच्या शंभरात एकच शहर होतं, तेव्हाचं औरंगाबाद. ती योजनाही ३१ मार्च २०२५ ला संपली. बाकीच्यांनी बाण मोजायचे कशाला?

---

तुळजाईचा_भक्त, सोमवार, रात्री ९:१२

मंद करायचं म्हणता ते ठीक, पण वेळापत्रक पुण्यात बसून कुणी ठरवू नये. नवरात्रात आणि अश्विन पौर्णिमेला तुळजापूरच्या रस्त्याने लोक रात्रभर चालतात. लातूर, औसा, सोलापूरकडून बाया, लेकरं, अनवाणी. रात्री दोनला रस्ता सगळ्यात भरलेला असतो. त्या रात्री सॉफ्टवेअरने "रहदारी नाही" म्हणून निम्मा उजेड केला तर काय? पौर्णिमा दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, हे त्याला सांगणार कोण?

---

तारेवरचा, सोमवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. तुळजाईच्या भक्तांनी बरोबर धरलं. आमच्या पेटीत सुट्टीची वेगळी वेळ टाकायची सोय आहे. त्यात २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट आधीपासून भरून आलेत, पौर्णिमा नाही. यंदा मी स्वतः कालनिर्णय घेऊन बसणार.

माझं ठरलं ते सांगतो, पटलं नाही तर भांडा. नव्या दिव्यांच्या मागणीत सॉकेट आणि टोपी लिहायची. प्रत्येक दिव्यावर नियंत्रक फक्त बसस्थानक ते तहसील या मुख्य रस्त्यावर मागायचा. तिथे पाचवी तार जमिनीखालून आहे, आकडा पडत नाही, दिवसाही करंट ठेवता येईल. टाकीच्या पातळीचं यंत्रही तिथल्याच जाळ्यावर. गल्ल्यांत पेटीच बरी, पण पाच वर्षांच्या रिचार्जसकट आणि बायपास केला तर दंड, असं लिहून. कॅमेऱ्याचा ठराव वेगळा. वकीलताई, मसुदा पाठवला तर बघून द्याल का?

पण हे सगळं करायच्या आधी एक काम निघालं. काल दोन पोरं घेऊन एका वॉर्डातले खांब मोजले. नोंदवहीत १८७, रस्त्यावर २१२. एकतीस खांब कुणाच्याच हिशोबात नाहीत, त्यातले अकरा मस्त उजेड देतायत. पंचवीस नाही, एकतीस, कारण नोंदवहीतले सहा सापडलेच नाहीत. दोन उसाच्या ट्रॉलीने पाडले होते हे शेजारच्या किराणावाल्याला माहीत, आम्हाला नाही. उद्यापासून पिवळ्या रंगाने नंबर टाकायला सुरुवात.

सोयाबीनवाले काका, तुमची पंचायत माझ्या हद्दीत नाही, पण तिथला वायरमन ओळखीचा आहे. खांबाचा नंबर कळवा, पत्र्याचं बोलतो.

---

सोयाबीनवाला_औसा, मंगळवार, पहाटे ५:५०

नंबर कुठला भाऊ? खांबावर एकाच्या वाढदिवसाचा बोर्ड लावलाय. त्याच्या खाली असला तर असंल. पाण्याच्या टाकीकडून आलं की डाव्या हाताला, लिंबाच्या झाडाला चिकटून. वायरमनला म्हणा झुंजुमुंजु झाल्यावर ये, दिवा अजून चालूच आहे, लगेच सापडंल.